जून आला की काय करायचं, असं विचारणाऱ्यांसाठी

जून सुरू झाला की मला दोन-चार तरी मेसेज येतातच. ओळखीतलेच लोक असतात, मनापासून विचारत असतात, की या महिन्यात, म्हणजे प्राइडच्या महिन्यात, एलजीबीटीक्यू (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स, क्वीअर) लोकांसाठी काहीतरी करावंसं वाटतंय पण नक्की काय करायचं ते कळत नाहीये, म्हणजे डीपीला इंद्रधनुष्य लावायचं का, मोर्चाला जायचं का, पोस्ट लिहायची का, आणि आपण स्वतः त्यातले नसताना पुढे पुढे केलं तर ते बरं दिसेल का. मलाच विचारतात कारण माझ्या अगदी जवळच्या माणसांपैकी काही जण क्वीअर, म्हणजे यातलेच, आहेत, आणि गेली काही वर्षं मी एका छोट्या सपोर्ट ग्रुपचे हिशोब बघते. दरवेळी उत्तर तुकड्या-तुकड्यात दिलं जातं, म्हणून यंदा सगळं एकत्र लिहून काढतेय. मोठं झालंय, सवडीने वाचा.

आधी डीपीचं. लावा, खुशाल लावा. नुसत्या डीपीने काय होतं असं म्हणणारे खूप भेटतात, मला ते पटत नाही. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर आणि त्याच्यासोबतच्या व्हॉलंटिअर्सनी कापड हाताने रंगवून, शिवून पहिला इंद्रधनुषी झेंडा तयार केला, आठ रंगांचा, आणि २५ जूनला तो फडकवला. तोपर्यंत जी खूण बऱ्याच जणांना माहीत होती ती म्हणजे गुलाबी त्रिकोण, नाझींच्या छळछावण्यांमध्ये समलैंगिक पुरुषांच्या कपड्यांवर शिवायचे तो. दुसऱ्याने अपमान करायला दिलेली खूण किती दिवस मिरवायची, आपली आपण केलेली, आनंदाची अशी एक खूण हवी, हा विचार त्या झेंड्यामागे होता. आजही एखाद्या शिक्षिकेच्या टेबलावर किंवा डॉक्टरांच्या केबिनमध्ये एवढासा झेंडा दिसला की ज्याला कळायचं त्याला कळतं, इथे बोललं तर चालेल. सोळा वर्षांच्या मुलासाठी ही फार मोठी माहिती असते, कारण बाकी कुठे बोललेलं चालणार नाही हे तो लहानपणापासून शिकत आलेला असतो.

पण मग तो खरंच बोलायला येतो. झेंडा लावताना हा विचार बरेच जण करत नाहीत. तो आला, दार लोटून समोर बसला, आणि जे आजवर कोणाला सांगितलं नाही ते सांगायला लागला, तर तुम्ही काय करणार? मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

जूनच का, तेही सांगते, कारण त्याचा संबंध आहे. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन नावाच्या बारवर पोलिसांची धाड पडली. असल्या धाडी नेहमीच्याच होत्या, पण त्या रात्री लोक पांगले नाहीत, उभे राहिले, आणि पुढचे काही दिवस तो भाग धुमसत राहिला. बरोबर एका वर्षाने, २८ जून १९७० ला, त्याची आठवण म्हणून ग्रिनिच व्हिलेजपासून सेंट्रल पार्कपर्यंत मोर्चा निघाला. त्यात चालणाऱ्यांची नोकरी जाऊ शकत होती, घरमालक घर खाली करायला लावू शकत होता, घरचे नाव टाकू शकत होते, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत समलैंगिकता अजून आजार म्हणूनच नोंदलेली होती. म्हणजे प्राइड (या मोर्चांना तेच म्हणतात) सुरू केली ती ज्यांचं सगळंच पणाला लागलं होतं अशा लोकांनी. मग आपल्यासारख्या, ज्यांचं यात फारसं काही जात नाही, अशांनी काय करायचं? मला स्वतःला एकच प्रश्न कामाचा वाटत आलाय, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तोच परत विचारते: तुझ्या हातात असं काय आहे, जे त्यांच्या हातात नाहीये?

पटकन "काहीच नाही" म्हणू नका. कोणाच्या हातात हजेरीपट असतो, कोणाचा एखादा फ्लॅट भाड्याने द्यायचा असतो, कोणी नोकरीसाठी इंटरव्ह्यू घेतं, कोणी हॉस्पिटलच्या काउंटरवर बसून फॉर्म भरून घेतं, कोणी सोसायटीच्या कमिटीवर असतं, आणि कोणी घरातलं असं मोठं माणूस असतं की ज्याने एकदा "पुरे आता" म्हटलं की बाकीचे गप्प बसतात. क्वीअर माणसाचं आयुष्य दिवसभर अशाच हातांखालून जात असतं. मोठे कायदे, कोर्टाचे निकाल, ते महत्त्वाचे आहेतच, पण घर मिळणं न मिळणं, वॉर्डात पार्टनरला आत सोडणं न सोडणं, हे बहुतेक वेळा समोर बसलेल्या एका माणसावर ठरतं.

जीन मॅनफर्डचं उदाहरण मी नेहमी देते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, चळवळीशी तिचा तसा काही संबंध नव्हता. एप्रिल १९७२ मध्ये तिच्या मुलाला, मॉर्टीला, एका कार्यक्रमात निषेधाची पत्रकं वाटायला गेला असताना मारहाण झाली आणि पोलीस नुसते बघत राहिले. तिने न्यूयॉर्क पोस्टला पत्र लिहिलं आणि त्यात सरळ लिहून टाकलं की माझा मुलगा होमोसेक्शुअल आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. स्वतःच्या नावाने, १९७२ मध्ये, शाळेत नोकरी करत असताना. जूनमध्ये ती मुलाबरोबर मोर्चात चालली, हातात बोर्ड होता की पालकांनो, आपल्या मुलांच्या पाठीशी एकत्र या. रस्त्यावरची पोरं धावत येऊन तिला मिठ्या मारायला लागली, माझ्या आईशी बोलाल का, माझ्या बाबांना एकदा फोन कराल का, असं विचारायला लागली. त्यातूनच पुढच्या वर्षी, मार्च १९७३ मध्ये, एका चर्चच्या जागेत वीसेक माणसांची पहिली मीटिंग झाली आणि पुढे पीफ्लॅग ही पालकांची संघटना उभी राहिली.

तिच्या हातात होतं ते आईपण. मुलं किती वर्षं ओरडून सांगत होती, पण एका आईने दुसऱ्या आईला सांगितलेलं वेगळं लागतं, ते ऐकलं जातं. म्हणूनच मला कोणी आई-वडील भेटले आणि म्हणाले की आम्ही काय करणार, आम्हाला यातलं काही कळत नाही, तर मी त्यांना सांगते की तुमच्याइतकं वजन दुसऱ्या कोणाच्याच शब्दाला नाहीये, तुमच्या भिशीच्या ग्रुपमध्ये, तुमच्या भावंडांमध्ये तुम्ही एकदा साध्या आवाजात "आमचा मुलगा गे आहे, छान चाललंय त्याचं" म्हणालात ना, तर तिथे गप्प बसलेली एखादी आई रात्री तुम्हाला फोन करेल.

१९७२ मध्येच डॅलसमध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या त्याच संघटनेचं अधिवेशन होतं. समलैंगिकता हा आजार नाही हे सांगायला स्वतः गे असलेला एक मानसोपचारतज्ज्ञ स्टेजवर हवा होता, आणि कोणी तयार होईना. शेवटी जॉन फ्रायर आले, पण मुखवटा घालून, मोठ्या मापाचा ढगळ सूट घालून, आवाज बदलणाऱ्या माइकवर, आणि डॉक्टर एच. अनॉनिमस या नावाने. याआधी याच कारणावरून त्यांना एका ठिकाणचं प्रशिक्षण सोडावं लागलं होतं, परत तेच व्हायचं नव्हतं. त्यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहितीये, पण मला त्या पॅनलवरच्या जड मारमर यांच्याबद्दलही बोलावंसं वाटतं. ते समलैंगिक नव्हते, व्यवसायात नावाजलेले होते, आणि त्यांनी मुखवट्याशिवाय, आपल्या नावाने तीच भूमिका मांडली. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९७३ मध्ये, संघटनेने ती नोंद यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेला तेच करायला १९९० चा मे उजाडला. तुमच्या ऑफिसात, तुमच्या व्यवसायात आजही कोणीतरी असा मुखवटा घालूनच रोज येत असणार. त्याच्या बाजूने त्याचं नाव न घेता बोलायचं, स्वतःचं नाव वापरून बोलायचं, हे तुमचं काम. मीटिंगमध्ये कोणी घाणेरडा जोक मारला तर "मला हे आवडलं नाही" एवढं म्हणायला तुम्हाला काय लागतं? त्याला ते म्हणायला खूप काही लागतं, कारण तो बोलला की लगेच सगळे त्याच्याकडे वळून बघणार, की हा का बोलला.

आणि एक गोष्ट सांगते जी मला सगळ्यांत जास्त आवडते. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये खाणकामगारांचा मोठा संप सुरू होता, कोर्टाने युनियनचा निधी अडकवला होता, खाणींच्या गावांत खायचे वांधे झाले होते. लंडनमधल्या काही गे आणि लेस्बियन तरुणांनी, मार्क अ‍ॅश्टन आणि माइक जॅक्सन हे त्यातले सुरुवातीचे, बादल्या घेऊन रस्त्यावर पैसे गोळा करायला सुरुवात केली, आणि ते वेल्समधल्या डलाइस खोऱ्यातल्या कुटुंबांना पाठवले. खाणकामगार म्हणजे काही क्वीअर लोकांच्या बाजूने उभे राहणारे म्हणून प्रसिद्ध नव्हते. पण या पोरांचं म्हणणं सोपं होतं, की पोलीस, सरकार आणि पेपरवाले आज ज्यांच्या मागे लागलेत ते कालपर्यंत आमच्या मागे लागले होते. संप हरला. पण १९८५ च्या जूनमध्ये लंडनच्या प्राइडला ते खाणकामगार, बायकापोरांसकट, आपल्या युनियनचे बॅनर घेऊन आले आणि मोर्चाच्या अगदी पुढे चालले, आणि त्याच वर्षी लेबर पार्टीच्या परिषदेत समलैंगिकांच्या हक्कांचा ठराव आला तेव्हा खाणकामगारांच्या युनियनने आपली सगळी मतं त्याच्या बाजूने टाकली. त्यांच्याकडे पैसे नव्हते, संपाने कंबरडं मोडलं होतं, पण मतं होती, ती दिली. मार्क अ‍ॅश्टन १९८७ मध्ये एड्सने गेला, सव्वीस वर्षांचा होता.

एड्सचा विषय निघालाच आहे तर सॅन डिएगोच्या बायकांबद्दलही. १९८३ मध्ये गे पुरुषांना रक्तदान करायची मनाई झाली, आणि आजारी पडणाऱ्या मित्रांना तर रक्त लागत होतं. तेव्हा तिथल्या लेस्बियन बायकांनी आपणहून रक्तदान शिबिरं भरवली, ब्लड सिस्टर्स म्हणतात त्यांना. त्यांचं रक्त चालत होतं, म्हणून त्यांनी ते दिलं. मला वाटतं माझ्या प्रश्नाचं याच्याइतकं सरळ उत्तर दुसरं नसेल.

आता घर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त काही होऊ शकतं ते घरात, आणि सगळ्यांत जास्त बिघडतं तेही घरातच. कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. किशोरवयात ज्यांना घरच्यांनी खूप झिडकारलं अशा गे, लेस्बियन, बायसेक्शुअल तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण, ज्यांना घरच्यांनी फारसं झिडकारलं नाही त्यांच्या तुलनेत आठ पटींहून जास्त निघालं. आणि झिडकारणं म्हणजे दरवेळी मारणं किंवा घराबाहेर काढणं असं नाही बरं का. बोलणं टाकणं, मित्रांना घरी येऊ न देणं, पाहुण्यांसमोर "तू आत बस" म्हणणं, हेही त्यातच येतं. उलट ट्रेव्हर प्रोजेक्टने, एलजीबीटीक्यू मुलांच्या आत्महत्या रोखायचं काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेने, २०१९ मध्ये सांगितलं की आयुष्यात समजून घेणारं एक जरी मोठं माणूस असेल तर अशा मुलामुलींमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता ४० टक्क्यांनी कमी दिसते. एक माणूस. आई-वडीलच पाहिजेत असंही नाही, मावशी चालते, आतेभाऊ चालतो, क्लासचे सर चालतात.

तर समजा तुमच्यापुढे कोणी येऊन बसलं. पहिल्या दहा मिनिटांत जे बोलाल ते त्या मुलाला पुढची वीस वर्षं शब्दशः लक्षात राहणार आहे, मी अशी कितीतरी वाक्यं लोकांच्या तोंडून ऐकलीयेत, तारखेसकट. "मला सांगितलंस, बरं केलंस" हे वाक्य आधी बोला, बाकी सगळं नंतर. "नक्की का?", "हे वय असतं", "मित्रांच्या नादाने झालं असेल", "एकदा डॉक्टरांना दाखवू" हे सगळं मनात आलं तरी तोंडावर येऊ देऊ नका. त्याने हे बोलायच्या आधी शंभर वेळा स्वतःला विचारलेलं असतं. तुम्हाला धक्का बसला असेल, रडू येत असेल, तर त्यात चूक काही नाही, पण ते रडू नवऱ्यापाशी, बहिणीपाशी, समुपदेशकापाशी काढा, त्या मुलावर तुम्हाला सावरायची जबाबदारी टाकू नका. तो आधीच खूप उचलून आलाय.

आणि लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, जो जवळजवळ कोणीच विचारत नाही: "हे अजून कोणाकोणाला माहितीये, आणि मी कोणाला सांगितलेलं चालणार नाही?" भल्या हेतूने मोठी वाट लागते ती इथेच. काकूला वाटतं आईच्या कानावर घालावं, बाईंना वाटतं पालकांना बोलवावं, मित्राला वाटतं ग्रुपवर सगळ्यांनी मिळून सपोर्ट करावा, आणि संध्याकाळपर्यंत त्या मुलाचं घर सुटलेलं असतं. फी घरचे भरतायत, झोपायची जागा घरच्यांची आहे, फोनचं बिल घरचे भरतायत, अशा वयात ही बातमी कोणाला कधी द्यायची ते फक्त त्याने ठरवायचं. तुमच्या हातात त्याचं गुपित आलंय, ते हातातच राहू दे. जगात अजूनही साठाहून जास्त देशांत समलैंगिक संबंध हा गुन्हा आहे, त्यामुळे कोणाला फोटोत टॅग करतानासुद्धा तो माणूस कुठला, त्याचे घरचे कुठे असतात, याचा विचार करायला लागतो.

ट्रान्स, म्हणजे जन्मतः नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या, मुलामुलींच्या बाबतीत एक गोष्ट इतकी स्वस्त आणि इतकी परिणामकारक आहे की ती अजून सगळीकडे का होत नाही ते मला कळत नाही. त्यांनी निवडलेल्या नावाने त्यांना हाक मारायची. स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास आहे, १२९ ट्रान्स आणि जेंडर नॉनकन्फर्मिंग (मुलगा-मुलगीच्या ठरलेल्या साच्यात न बसणाऱ्या) तरुणांचा. घर, शाळा, काम आणि मित्रमंडळी या चार ठिकाणांपैकी कुठे कुठे त्यांचं निवडलेलं नाव वापरता येतं ते विचारलं. जितक्या ठिकाणी ते वापरता येत होतं, तितकं नैराश्य कमी दिसलं, आणि दर एका वाढीव ठिकाणामागे आत्महत्येशी संबंधित वर्तन निम्म्याहून कमी झालेलं दिसलं, ५६ टक्क्यांनी कमी. आता यात कोणाच्या हातात काय आहे बघा. शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई, ऑफिसात ईमेल आयडी बनवणारा मुलगा, ओळखपत्र छापणारा, घरी हाक मारणारी आजी. सरकारी कागद बदलायला वर्षं लागू दे, हजेरीपटाच्या समासात पेन्सिलने नाव लिहायला कोणाची परवानगी लागते? चुकून जुनं नाव तोंडात आलं तर दुरुस्त करायचं आणि पुढे बोलायचं, पाच मिनिटं माफी मागत बसायचं नाही, नाहीतर मग तेच तुमची समजूत काढत बसतात.

माझा एक मित्र मध्यंतरी हॉस्पिटलमध्ये होता, त्याचा पार्टनर सोबत. इमर्जन्सीमध्ये ज्या माणसाने कागद पुढे केले त्याने "तुम्ही पेशंटचे कोण?" विचारलं, यांनी जरा अडखळत सांगितलं, त्याने मान हलवली, लिहिलं, आणि "सही इथे, पाणी प्यायचं असेल तर कूलर तिकडे" म्हणाला. बास. माझे दोन्ही मित्र त्या माणसाबद्दल आजही बोलतात. त्याला कदाचित कळलंही नसेल की त्याने काही केलं.

शिकायचं कसं, हेही लोक विचारतात. मला यासाठी २०२१ मधले मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश आठवतात. घरच्यांच्या विरोधामुळे पळून आलेल्या दोन तरुणींनी पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून याचिका केली होती. न्यायमूर्तींनी उघडपणे सांगितलं की मला स्वतःला हा विषय पुरता समजलेला नाही, आणि निकाल देण्याआधी मी समजून घेणार आहे. ते मानसशास्त्रज्ञाकडे रीतसर सेशनला बसले, एलजीबीटीक्यू समाजातल्या लोकांशी बोलले, आणि ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी लैंगिक कल बदलायचे तथाकथित उपचार करायला मनाई केली, पोलिसांना, शाळांना, सरकारी खात्यांना काय करायचं ते घालून दिलं. हायकोर्टाचा न्यायाधीश "मला शिकायचंय" म्हणू शकतो तर आपल्याला जड जायचं कारण नाही. फक्त आपल्या ओळखीतल्या एकुलत्या एका गे मित्राला गाठून त्याची शिकवणी लावू नका. वाचायला भरपूर आहे, व्याख्यानं आहेत, आणि ज्यांना बोलायला बोलावताय त्यांना मानधन द्या. जूनमध्ये कंपन्या आणि कॉलेजं क्वीअर वक्त्यांना बोलावतात आणि "एक्स्पोजर मिळेल" म्हणतात, हे मला अजिबात आवडत नाही.

कंपन्यांचं फार लांबवत नाही. तुम्ही एचआरमध्ये असाल तर लोगोचे रंग बदलायच्या आधी इन्शुरन्समध्ये पार्टनर बसतो का ते बघा, सगळ्यांना वापरता येईल असं एक टॉयलेट आहे का ते बघा, आणि त्रास झाला तर तक्रार कोणाकडे करायची ते नवीन मुलाला पहिल्या दिवशी कळतं का ते बघा.

पैशांबद्दल मात्र लांबवणार, कारण तो माझा भाग आहे. १९७० मध्ये मार्शा पी. जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा या दोघींनी न्यूयॉर्कमध्ये स्टार नावाने काम सुरू केलं, आणि घरातून हाकललेल्या, रस्त्यावर झोपणाऱ्या ट्रान्स आणि क्वीअर पोरांसाठी एक घर चालवलं. भाडं आणि जेवण कुठून, तर या दोघी स्वतः रस्त्यावर देहविक्री करून पैसे आणायच्या, पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून. ते घर फार दिवस टिकलं नाही, भाडं थकलं आणि खाली करावं लागलं. १९७३ च्या प्राइडच्या सभेत सिल्व्हिया स्टेजवर तुरुंगातल्या आपल्या माणसांबद्दल बोलायला उभी राहिली तेव्हा समोरच्या गर्दीतून, आपल्याच लोकांतून, तिची हुर्यो उडवली गेली. आज तिचे फोटो सगळीकडे असतात. मला हे वाचलं की दरवेळी वाटतं, की त्या वेळी कोणीतरी दर महिन्याला थोडे पैसे दिले असते तर.

आजही चित्र फार वेगळं नाहीये. जूनमध्ये देणग्या येतात, बऱ्याचदा अटी घालून, की कार्यक्रम करा, बॅनरवर आमचं नाव टाका, फोटो पाठवा. पण खर्च असतो तो जागेच्या भाड्याचा, समुपदेशकाच्या पगाराचा, वकिलाच्या फीचा, रात्री अकरा वाजता घरातून बाहेर काढलेल्या मुलीला दोन दिवस राहायला जागा बघायचा, आणि या कशाचा फोटो काढता येत नाही, काढूही नये. म्हणून देणार असाल तर थोडे द्या पण दर महिन्याला द्या, बँकेत ऑटो डेबिट लावून टाका, आणि कशावर खर्च करायचा ते त्यांच्यावर सोडा. हिशोब जरूर मागा, चांगला ग्रुप हिशोब देतोच. आणि देताना ट्रान्स लोकांच्या, इंटरसेक्स (ज्यांचं शरीर जन्मतः स्त्री किंवा पुरुष या साच्यात नीट बसत नाही) लोकांच्या गटांकडे जरा जास्त बघा, कारण पैसा पोचेपर्यंत त्यांचा नंबर नेहमी शेवटी लागतो. इंटरसेक्स बाळांवर त्यांच्या संमतीशिवाय, गरज नसताना केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांवर कायद्याने बंदी घालणारा पहिला देश माल्टा, तोही २०१५ मध्ये. इतका उशीर झाला कारण त्यांच्या बाजूने बोलणारेच मोजके होते.

मोर्चाला जायचं का? जा की. काही ठिकाणी नुसतं जाणंच मोठं काम असतं. २०२५ मध्ये हंगेरीत कायदा बदलून प्राइडवर बंदी आणायची सोय केली, येणाऱ्यांचे चेहरे कॅमेऱ्याने ओळखून दंड करू म्हणाले, तेव्हा बुडापेस्टच्या महापौरांनी हा महापालिकेचाच कार्यक्रम आहे असं जाहीर केलं, आणि २८ जूनला तिथली आजवरची सगळ्यांत मोठी प्राइड निघाली. त्या गर्दीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात आधी कधी प्राइड बघितली नसेल. गर्दी मोठी असली की एकेकट्याला उचलणं अवघड होतं, म्हणून तुमचं शरीर तिथे असणं हीसुद्धा मदत आहे. फक्त तिथे गेल्यावर लोकांचे क्लोजअप काढू नका, विचारल्याशिवाय तर नाहीच, कारण मोर्चात बिनधास्त नाचणारी मुलगी घरी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाते असं सांगून आलेली असू शकते. पुढे घुसू नका, माइक मागू नका. पाण्याच्या बाटल्या वाटा, मोर्चा संपल्यावर कचरा उचला, रात्री कोणाला घरी सोडायचं असेल तर गाडी काढा.

आणि एवढं वाचूनही कुठून सुरुवात करू असं वाटत असेल तर जवळच्या एखाद्या ग्रुपला ईमेल करा. "मला काहीतरी करायचंय" असं लिहू नका, त्याने त्यांचं काम वाढतं. मला अकाउंट्स येतं, मला भाषांतर येतं, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, मी वकील आहे आणि महिन्याला दोन केसेस बघू शकते, मी शनिवारी चार तास फोनवर बसू शकतो, असं नेमकं लिहा. त्यांनी सांगितलं की कपाटातल्या फायली लावायच्यात तर फायली लावा, माझीही सुरुवात तिथूनच झाली होती. उत्तर यायला आठवडा-दोन आठवडे लागले तर राग मानू नका, आठवण करून देणारं अजून एक मेल टाका. तिथे बहुतेक एकच माणूस ईमेल बघत असतो, तोही स्वतःची नोकरी करून घरी आल्यावर.